सोप्रानो सॅक्सोफोन : वाद्य बेसूर की फुंक?

पितळी

सॅक्सोफोन कुटुंबातल्या उंच आवाजाच्या, बहुधा सरळ नळीच्या सोप्रानोचा विषय निघाला की चर्चा दोन वाक्यांत आटोपते. एक, 'तो सुरात लागतच नाही'. दोन, 'म्हणजे केनी जी (सोप्रानोवर लोकप्रिय झालेला अमेरिकन वादक) वाजवतो तो ना?' दुसऱ्याला उत्तर खाली कुणीतरी देईलच. पहिल्यासाठी हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. धड अवस्थेतला आजचा सोप्रानो सुरातच असतो. आल्टो-टेनर या खालच्या पट्टीच्या, मोठ्या सॅक्सोफोनांच्या सवयी त्याच्यावर लादल्या की तो बेसूर होतो.

थोडी मोजमापं. सोप्रानो बी फ्लॅटमधला. कागदावर लिहिलेला सी वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते, म्हणजे लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली. बोटं इतर सॅक्सोफोनचीच, आवाज टेनरच्या बरोबर एक सप्तक वर. लिहिलेला पल्ला तळच्या बी फ्लॅटपासून वरच्या एफ शार्पपर्यंत. काही नव्या वाद्यांवर वरच्या जीचीही स्वतंत्र चावी असते. नळी शंकूच्या आकाराची, त्यामुळे ऑक्टेव्ह की दाबली की स्वर बरोबर एक सप्तक उडी घेतो. क्लॅरिनेटची नळी सरळ नळकांड्यासारखी, तिथे हीच उडी बाराव्या स्वरावर पडते. दिसायला भावंडं, पण आतला कारभार वेगळा.

आता खरी गोम. तळच्या बी फ्लॅटला हवेच्या स्तंभाची परिणामी लांबी सुमारे ८३ सें.मी. असते. एकही बोट न दाबता वाजणारा उघडा सी शार्प घेतला तर ती उरते सुमारे ३५ सें.मी. नळीच्या वरच्या टोकाच्या कॉर्कवर माऊथपीस (तोंडात धरायचा भाग) १ मि.मी. बाहेर ओढला की उघडा सी शार्प साधारण ५ सेंट उतरतो, तळचा बी फ्लॅट जेमतेम २. (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर.) टेनरवर लांबी दुप्पट, म्हणून त्याच १ मि.मी.चा परिणाम निम्मा. टेनरवर खपून जाणारी प्रत्येक चूक इथे दुप्पट ऐकू येते, आणि तीही कान सर्वात तिखट असतो त्या पट्टीत.

माऊथपीस, गळती, सरळ की वाकडा, आणि हे वाद्य संगीतात नेमकं कुठे बसतं, या सगळ्यांवर जाणकारांनी लिहावं.

आडवी शीळ

ट्युनर (सूर मोजणारं यंत्र) काढण्याआधी एक तपासणी करा. रीड (कंप पावणारी पातळ पट्टी) लावा, ती धरणारी लिगेचर आवळा आणि माऊथपीस वाद्यावर न चढवता नुसताच मध्यम जोराने फुंका. जो स्वर येईल तो पेटीवर शोधा. आल्टोच्या माऊथपीसला पांढरी सहा, म्हणजे ए. टेनरला पांढरी पाच, बॅरिटोनला पांढरी दोन. सोप्रानोला पांढरी एक यायला हवी, सुमारे १०४६ हर्ट्झचा सी. जॅझ वाजवणारे यापेक्षा स्वरभर खालीही ठेवतात, ते चालतं. वर मात्र चालत नाही.

आल्टोवरून आलेल्यांचा बहुतेक वेळा डी किंवा त्याच्याही वर लागतो, क्लॅरिनेटवरून आलेल्यांचा तर हमखास. कारण एकच, जबडा आवळलेला. माऊथपीस लहान, म्हणून दात आपोआप मिटतात.

इथून दुष्टचक्र सुरू होतं. जबडा आवळला की सगळेच स्वर चढतात, पण वरच्या सप्तकातले जास्त. ट्युनर म्हणतो २० सेंट चढा. वादक माऊथपीस ३-४ मि.मी. बाहेर ओढतो. मधला पट्टा जागेवर येतो, तळचे स्वर पडतात, वरचे तरीही चढेच. शिवाय माऊथपीस बाहेर आला की त्याच्या आतली पोकळी वाढते. शंकूचं टोक कापून तिथे माऊथपीस बसवलेला असतो, तेव्हा आतली पोकळी त्या कापलेल्या टोकाएवढीच भरली पाहिजे. हे गणित बिघडलं की सप्तकाची जोडी जुळत नाही. मग वादक पडलेले स्वर उचलायला आणखी चावतो. आणि शेवटी निष्कर्ष : वाद्यच खराब.

उपाय : ओठांच्या कडा घट्ट, जबडा सैल. ओठ सैल करू नका, आवाज फाटेल. नुसत्या माऊथपीसवर सी लावा आणि फुंक न बदलता तो हळूहळू बी, बी फ्लॅट, ए, जमल्यास जीपर्यंत खाली घसरवा. पुन्हा वर या. घसरताना आवाज तुटला तर समजायचं की घसरण जिभेच्या मागच्या भागाने आणि घशाने न होता जबडा उघडून होतेय. रोज पाच मिनिटं पुरे. मग वाद्यावर चढवा. माऊथपीस आधीपेक्षा बराच आत ढकलावा लागेल आणि ते विचित्र वाटेल. तेच बरोबर आहे.

रीडबद्दल : आल्टोवर ३ नंबर वाजवणारा सोप्रानोवर ३½ घेतो, 'आवाज पातळ येऊ नये' म्हणून. उलटं होतं. जाड रीड हलवायला चावावं लागतं. माऊथपीसच्या टोकाशी रीडची फट १.१ ते १.३ मि.मी. असेल तर २½ किंवा ३. जॅझसाठी १.५ मि.मी.च्या पुढे गेलात तर २ ते २½.

बूच

माऊथपीस कॉर्कवर किती आत हवा? कुणी अर्धा म्हणतं, कुणी पूर्ण.

आडवी शीळ

@बूच, मिलिमीटरमध्ये नियम नाही. प्रत्येक माऊथपीसची आतली पोकळी वेगळी. पण एक तृतीयांशापेक्षा कमी कॉर्क झाकला जात असेल तर संशय वाद्यावर घेऊ नका, जबड्यावर घ्या. जबडा नक्की सैल असूनही तेवढंच बाहेर ठेवावं लागत असेल आणि पाम कीचे (डाव्या तळहाताने दाबायच्या चाव्यांचे) वरचे स्वर चढत असतील, तर त्या वाद्याला माऊथपीसची पोकळी लहान पडतेय. जागा सापडली की कॉर्कवर पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवा.

आणि सूर एका स्वरावर मिळवू नका. मधला बी, खालचा एफ शार्प, मग वरचा बी. दोन्ही बींमध्ये १५ सेंटपेक्षा जास्त फरक असेल तर माऊथपीस सरकवून काही होणार नाही.

तीन बोटं

वरच्यात एक भर. सुईकडे बघत स्वर सरळ करायची सवय लागली की कान झोपतो. ट्युनर फक्त तानपुऱ्यासारखा सलग सूर धरायला ठेवा. लिहिलेला सी आणि आधाराला काळी पाच (४६६ हर्ट्झ). ५ सेंटांचा फरक असेल तर सेकंदाला सुमारे १.३ हेलकावे ऐकू येतात. हेलकावे मंदावत जाऊन थांबले की सूर मिळाला. आधी हलक्या आवाजात, मग फुंक वाढवत. बहुतेकांचा स्वर जोर वाढला की पडतो आणि आवाज मिटवताना चढतो, तो प्रकार इथे लगेच उघडा पडतो.

चावीवाला

वादकाचं झालं, आता वाद्य. 'सोप्रानोचे तळचे स्वर गुरगुरतात' म्हणून आलेलं वाद्य उघडलं की सगळ्यांचा हात बेलकडच्या (खालच्या रुंद तोंडाकडच्या) पॅडांवर, म्हणजे छिद्रं मिटणाऱ्या गाद्यांवर जातो. गळती बहुतेकदा तिथे नसते, वर असते. पाम कीची तीन पॅडं नळीच्या टोकाशी. त्यांतलं एक जरी केसभर उघडं राहिलं तरी त्याच्या खालचा प्रत्येक स्वर बिघडतो, आणि सर्वात जास्त बिघडतात ते तळचे. सोप्रानोची नळी वरच्या टोकाला फार अरुंद, म्हणून आल्टोवर कळणारही नाही एवढी गळती इथे स्वर मोडते.

घरच्या घरी तपासायचं तर सिगारेटच्या पातळ कागदाची ४-५ मि.मी. रुंद पट्टी कापा. पॅडखाली सरकवा, चावी अगदी हलक्या बोटाने मिटा, पट्टी ओढा. समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे, चारही जागी सारखीच अडली पाहिजे. जोरात दाबून तपासलंत तर सगळंच ठीक दिसेल. वाजवताना तेवढा जोर लावणं हाच आजार आहे. छिद्रात छोटा दिवा सोडून अंधारात पाहिलं तर आणखी चांगलं.

दुसरी तपासणी जी शार्पची. तळचा डी वाजवा आणि वाजता वाजता डाव्या करंगळीने जी शार्पची चावी दाबा. काहीच बदल व्हायला नको. स्वर गुदमरला तर जी शार्पला दाबून ठेवणाऱ्या हाताखालचा स्क्रू सैल पडलाय. पाव फेरीपेक्षा कमी फिरवा आणि परत तपासा. जास्त आवळलात तर जी शार्पचं पॅड मिटेल, पण एफ शार्पचं उघडं राहील आणि मग सगळाच खालचा भाग जाईल. हा स्क्रू फिरवून वाद्य आणखी बिघडवण्याचं प्रमाण फार आहे, म्हणून सांगतो : किती फिरवला ते लक्षात ठेवा.

तिसरी, ऑक्टेव्हची. वाद्यावर दोन बारीक छिद्रं असतात. वरच्या डीपासून जी शार्पपर्यंत खालचं उघडतं, एपासून पुढे वरचं. ऑक्टेव्ह की दाबून ठेवा, डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दाबलेलं असू द्या, आणि अनामिका उचला-टेकवा. दोन छिद्रं आळीपाळीने उघडली पाहिजेत. दोन्ही एकदम उघडी दिसली की ए ते जी जाताना कुई होणारच. एकही उघडत नसेल तर स्वर खालच्या सप्तकात कोसळतो.

आणि तीच छिद्रं तुंबतात. लाळ आणि फडक्याचे धागे मिळून आत बूच तयार होतं (आयडी बूच यांची क्षमा मागून). लक्षण : मधल्या सप्तकात स्वर लागण्याआधी फुस्स असा आवाज. पाइप क्लीनर किंवा लाकडी टूथपिक हलक्या हाताने फिरवा. लोखंडी सुई नको, आतली कड ओरखडली की फुसफुस कायमची.

दुसरा क्लॅरिनेट

थोडा विरोध नोंदवतो. 'वाद्य सुरातच असतं' हे फार झालं. चांगल्यातल्या चांगल्या सोप्रानोवरही उघडा सी शार्प पडका आणि पोकळ असतो आणि त्याच्या शेजारचा वरचा डी चढा आणि दाटलेला. सी शार्पला सगळी बोटं मोकळी, डीला जवळजवळ सगळी दाबलेली. लागोपाठच्या दोन स्वरांत एवढी तफावत असेल तर त्यात वादकाच्या फुंकेचा दोष काय?

तीन बोटं

मुद्दा मान्य. पण हा दोष सोप्रानोचा नाही, सॅक्सोफोनचाच. आल्टोवर तो कमी ऐकू येतो इतकंच. वाटा अशा :

सी शार्प पडतोय आणि लांब धरायचाय : तळच्या सी शार्पची बोटं धरून ऑक्टेव्ह की दाबा. स्वर भरीव येतो, डीशी रंग जुळतो. वेगवान तानेत हे जमत नाही, तिथे उघडाच ठेवा, कुणाला कळत नाही.

वरचा डी चढतोय : त्यात डाव्या करंगळीने तळच्या बीची चावी मिळवा. बेलकडचं पॅड मिटलं की डी उतरतो. किती उतरतो ते वाद्यावाद्यावर अवलंबून, आधी ऐकून घ्या.

हळुवार जागी सी शार्प-डी-सी शार्प असा हेलकावा असेल तर डीसाठी ऑक्टेव्हशिवाय नुसती पाम डी. हा डी उघड्या सी शार्पच्याच जातीचा लागतो. मात्र थोडा चढतो, घसा खाली ठेवावा लागतो.

बाकी पाम कीच्या स्वरांना उपाय बोटांत नाही, ओव्हरटोनमध्ये आहे. तळचा बी फ्लॅट धरून, एकही बोट न हलवता त्याच्या वरचा बी फ्लॅट, मग एफ, मग त्याच्या वरचा बी फ्लॅट काढा. मग तोच वरचा बी फ्लॅट नेहमीच्या बोटांनी. दोन्ही सारखे लागेपर्यंत. सोप्रानोवर हे टेनरपेक्षा बरंच कठीण जातं, कारण मुळातच स्वर वरचे आणि घशाची हालचाल अगदी बारीक. पहिला महिना फक्त पहिल्या दोनवर थांबलात तरी चालेल.

कोमल निषाद

सरळ घ्यावा की वाकडा? वाकड्याचा आवाज गोड असतो म्हणतात.

पितळी

समोरच्याला फरक फार कमी कळतो. वाजवणाऱ्याला जास्त कळतो, कारण वाकड्याची बेल त्याच्याकडे तोंड करून असते आणि सरळ्याची जमिनीकडे. म्हणून 'गोड' हे बरंचसं वाजवणाऱ्याच्या कानाचं मत.

खरा फरक कोनाचा. सरळ, एकसंध सोप्रानो क्लॅरिनेटसारखा खाली झुकवून धरला तर माऊथपीस तोंडात तिरका शिरतो, खालच्या ओठाचा सगळा भार रीडवर येतो आणि आवाज नाकातला होतो. सोप्रानोवरच्या 'बदकासारख्या' आवाजाचं मूळ पुष्कळदा इथे आहे. वाद्य जमिनीला समांतर होण्याच्या जरा अलीकडेपर्यंत उचला. हात दुखतात? मग सुट्या, किंचित वाकलेल्या नेकचं (माऊथपीस बसतो त्या वरच्या तुकड्याचं) वाद्य घ्या. यानागिसावा कंपनीच्या काही मॉडेलांना सरळ आणि वाकडी अशा दोन्ही नेक मिळतात. पण सुटी नेक म्हणजे आणखी एक सांधा, म्हणजे गळतीची आणखी एक जागा. तो सांधा कोरड्या फडक्याने पुसत राहायचा, त्याला कॉर्कचं ग्रीस लावायचं नाही.

सव्वा-दीड किलोच्या आसपासचं वजन उजव्या अंगठ्यावर येतं. पट्टा अडकवायची कडी असेल तर लाजू नका, अडकवा. अंगठा दुखला की बोटं आवळतात, बोटं आवळली की जबडा.

मंद्र

सोप्रानोच्या जागेबद्दल कुणीच लिहीत नाहीये, तेव्हा घ्या.

अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं ते एका वाद्याचं नव्हतं, कुटुंबाचं होतं. त्यात सोप्रानो पहिल्यापासून होता. पण त्याला स्वतःचा आवाज दिला तो सिडनी बेशेने (१८९७–१९५९). न्यू ऑर्लीन्सचा क्लॅरिनेटवाला. १९१९ मध्ये वाद्यवृंदाबरोबर युरोपात आला, त्या मुक्कामात लंडनला त्याला सरळ सोप्रानो मिळाला. ३० जुलै १९२३ ला क्लॅरेन्स विल्यम्सच्या ब्लू फाइव्हबरोबर त्याची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. ती ऐकताना एक गोष्ट पकडा. त्या काळच्या बँडमध्ये चाल कॉर्नेटकडे (ट्रम्पेटसारख्या वाद्याकडे) असायची आणि क्लॅरिनेट तिच्या भोवती वेलबुट्टी काढायचं. बेशे सोप्रानो घेऊन चालच ताब्यात घेतो. क्लॅरिनेटने ते झालं नसतं, कॉर्नेटखाली ते दबलं असतं. रुंद, वेगवान कंप आणि स्वराला खालून घसरत गाठणं ही त्याची खूण. जॉनी हॉजेस त्याच्याकडूनच शिकला, ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदात सोप्रानो वाजवला आणि १९४० च्या सुमारास सोडून आल्टोवरच राहिला.

मग जवळजवळ शुकशुकाट. १९५० च्या दशकात आधुनिक जॅझमध्ये नुसता सोप्रानोच घेऊन बसलेला एकच मोठा माणूस, स्टीव्ह लेसी (१९३४–२००४). त्याचा स्वर बेशेच्या उलट. कंप जवळजवळ नाही, कोरडा, प्रत्येक स्वर शेवटपर्यंत बघितलेला. पियानोवादक थेलोनियस मंकच्या उड्या मारणाऱ्या चालींवर हे वाद्य किती स्वच्छ बसतं ते त्याने दाखवलं.

आणि ऑक्टोबर १९६०. टेनरवाला जॉन कोल्ट्रेनने 'माय फेव्हरिट थिंग्ज' मुद्रित केलं, पावणेचौदा मिनिटांच्या आसपास. नाटकातलं साधं तीन मात्रांचं गाणं, पण मधल्या भागात दोनच स्वरसंगती आलटून पालटून चालू राहतात आणि त्यावर सोप्रानो गोल गोल फिरतो. गाणं ई मायनरमध्ये, म्हणजे सोप्रानोवाल्याच्या बोटांना एफ शार्प मायनर. वाजवून बघणाऱ्यांनी ध्यानात ठेवा : तीन शार्प, आणि सी शार्पशी सारखी गाठ, म्हणजे वर चाललेलं भांडण इथे दर दुसऱ्या ओळीला. त्याचा स्वर नाकातला, दाट, शहनाईच्या वळणाचा. यानंतर टेनरवाल्यांनी दुसरं वाद्य म्हणून सोप्रानो घेण्याची लाट आली, आणि धाग्याच्या सुरुवातीची तक्रारही बहुधा तिच्याबरोबरच आली.

फेब्रुवारी १९६९ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे'वर वेन शॉर्टर सोप्रानो वाजवतो. विजेवरच्या पेट्या, गिटार, ढोल या सगळ्यांच्या गर्दीत टेनरचा पट्टा बुजतो, सोप्रानो त्या सगळ्यांच्या वर तरंगतो. फ्यूजनमध्ये (जॅझ-रॉकच्या मिश्रणात) तो एवढा का शिरला त्याचं निम्मं उत्तर हेच.

कोमल निषाद

आणि केनी जी? :)

मंद्र

नाक मुरडण्याआधी दोन गोष्टी. सूर पक्का आहे, आणि श्वासावर ताबा आहे. १९९७ मध्ये त्याने एकच ई फ्लॅट ४५ मिनिटं ४७ सेकंद धरला होता. चक्री श्वसन : गाल हवेने भरायचे, गालांनी हवा ढकलत असताना नाकाने श्वास घ्यायचा. सोप्रानोला हवा कमी लागते म्हणून टेनरपेक्षा इथे हे लवकर साधतं. पण अडतं ते गालांवरून फुफ्फुसांवर परतताना. त्या क्षणी दाब दचकतो आणि स्वर हलतो. म्हणून आधी ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे अखंड काढायचे, मग नुसत्या माऊथपीसवर, मग मधल्या जीवर. पाम कीवर सर्वात शेवटी.

हेच तंत्र वापरून इव्हान पार्करने १९७० च्या दशकापासून एकट्या सोप्रानोवर जे केलंय ते ऐका. एकाच वेळी दोन-तीन स्वर, ओव्हरटोनचे थर, मध्ये श्वास नाही. साधन तेच, पण संगीत दुसऱ्या टोकाचं. तक्रार करायचीच तर रुचीबद्दल करा, वाद्याला मध्ये ओढू नका.

दुसरा क्लॅरिनेट

केनी जीबद्दल माझं मत बदललेलं नाही. सूर पक्का असणं ही सुरुवात झाली. त्या आवाजात धोकाच नाही. बेशेच्या प्रत्येक स्वरात पडायची भीती ऐकू येते आणि तो पडत नाही.

असो. अभिजात संगीताचं राहिलं. फ्रेंच रचनाकार रॅव्हेलच्या बोलेरो या वाद्यवृंदाच्या रचनेत (१९२८) टेनर सॅक्सोफोनच्या मागोमाग सोप्रानोची पाळी. रॅव्हेलने तिथे एफमधला सोप्रानिनो (सोप्रानोहूनही लहान सॅक्सोफोन) लिहिलाय आणि चाल खाली उतरते तिथे बी फ्लॅट सोप्रानो. एफमधला सोप्रानिनो वापरात नाही, म्हणून आज सगळंच सोप्रानोवर होतं. सुरुवातच लिहिलेल्या वरच्या सीवर, आणि त्याआधी पाचेक मिनिटं गप्प बसलेलं थंड वाद्य. तापमान १ अंश उतरलं की हवेच्या स्तंभाचा स्वर सुमारे ३ सेंट पडतो. नळीत अधूनमधून आवाज न करता गरम श्वास सोडत राहायचा, बोटं सगळी दाबून, म्हणजे ऊब बेलपर्यंत जाते. आणि रीड तोंडात ओली ठेवायची. हे विसरलं की पहिला स्वर पडतो, आणि पहिलाच स्वर सगळ्यांना ऐकू येतो.

सॅक्सोफोन चौकडीत मात्र त्याची गादी पक्की आहे. सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन. सॅक्सोफोनवादक मार्सेल म्यूलने १९२८ मध्ये पॅरिसला गार्द रेपुब्लिकेनच्या (फ्रेंच लष्करी बँडच्या) वादकांची चौकडी बांधली, रशियन रचनाकार ग्लाझुनोव्हने १९३२ मध्ये चौकडीसाठी ओपस १०९ लिहिलं. तिथे सोप्रानो म्हणजे पहिलं व्हायोलिन. सूर मिळवताना मात्र उलटं : आधी बॅरिटोन, त्यावर टेनर, आल्टो, शेवटी सोप्रानो. सोप्रानोने आधी लावलेल्या स्वरावर बाकीचे चढत गेले तर दुसऱ्या पानापर्यंत सगळी चौकडी १५-२० सेंट वर पोचते. ब्राझिलियन रचनाकार विला-लोबोसची १९४८ ची फँटसी (सोप्रानो, तीन हॉर्न आणि तंतुवाद्यं) म्यूललाच अर्पण केलेली आहे. एकट्याने वाजवायला काही शोधत असाल तर तिथून सुरुवात करू नका, तिथे पोचा.

कोमल निषाद

अवांतर : शहनाईचं नाव आलंच आहे, तर सोप्रानोवर मींड निघते का?

तीन बोटं

निघते, पण वेगळ्या वाटेने. शहनाईची छिद्रं उघडी, बोट अर्धवट सरकवून स्वर पिळता येतो. सॅक्सोफोनची छिद्रं चाव्यांखाली. चावी हळू उचलून थोडं साधतं, बाकीचं घशाने आणि जबड्याने. वरच्या सप्तकात स्वर-दीड स्वर सहज घसरतो, तळाशी जवळजवळ काहीच नाही. म्हणून जिथे मींड हवी ती जागा वरच्या जी-ए-बीवर येईल अशी पट्टी निवडायची. कद्री गोपालनाथांनी कर्नाटक संगीतात जे केलं ते आल्टोवर. तिथली गमकं ऐकून सोप्रानोवर उतरवायला गेलात तर घशाची हालचाल निम्मी करावी लागेल, नाहीतर स्वर पलीकडे जाऊन पडतो.

बूच

जुना, १९२० च्या आसपासचा अमेरिकन सोप्रानो मिळत असेल तर घ्यावा का?

चावीवाला

@बूच, दोन सापळे आहेत.

पहिला, तो सीमधला असू शकतो. त्या काळात पियानोच्या कागदावरून थेट वाजवता यावं म्हणून सीमधले सॅक्सोफोन खूप बनले. ट्युनर साध्या पट्टीवर ठेवा, लिहिलेला सी वाजवा. बी फ्लॅट दिसला तर ठीक. सी दिसला तर ते दुसरंच वाद्य आहे, त्याचा माऊथपीसही सहज मिळत नाही.

दुसरा सापळा जास्त वाईट. तेव्हा दोन पट्ट्या चालायच्या, नीची म्हणजे ए ४४० आणि उंच म्हणजे सुमारे ४५७. क्रमांकाजवळ 'एल' किंवा 'एलपी' असेल तर नीची, 'एच' किंवा 'एचपी' असेल तर उंच. उंच पट्टीचं वाद्य ६५ सेंट चढं. त्यावर सी वाजवला तर ट्युनर बी दाखवेल, तोही ३५ सेंट पडका. आणि माऊथपीस ओढून हे सुधारत नाही, पहिल्या लेखातल्या हिशेबानेच : आखूड नळीचे स्वर उतरतील, तळ चढाच राहील. छिद्रांच्या जागाच वेगळ्या आहेत.

दोन्हींतून वाचलात तर पॅडं, कॉर्क आणि स्प्रिंगा बदलायच्या तयारीने घ्या. जुन्या वाद्यांना मोठ्या, गोल पोकळीचा माऊथपीस लागतो. आजचा अरुंद पोकळीचा लावलात तर पाम की चढणार.

आडवी शीळ

माइकचं कुणी बोललं नाही. बेलच्या तोंडाशी माइक लावू नका. सरळ सोप्रानोत तळचे दोन-तीन स्वर सोडले तर आवाज उघड्या छिद्रांतून येतो. बेलशी लावला की बी आणि बी फ्लॅट दणकतात, बाकीचे दूर गेल्यासारखे. वाद्याच्या मध्यापासून ३०-४० सें.मी.वर, दोन्ही हातांच्या मधल्या भागाकडे रोखून ठेवा. वाकड्यालाही साधारण तीच जागा. चिकटवायचा माइक असेल तर लवचिक दांडी लांब असलेला घ्या, म्हणजे तो बेलपासून वर वळवता येतो.

पितळी

बरीच भर पडली, सगळ्यांचे आभार. 'वाद्य सुरातच असतं' यात सी शार्प-डीचा अपवाद जोडून घेतो, दुसरा क्लॅरिनेट यांचं बरोबर होतं.

बूच

शेवटचं एक. एकसंध सोप्रानोत फडकं अडकलं तर?

चावीवाला

ओढू नका. बेलमधून वजन सोडून वरच्या टोकाने फडकं ओढतात, आणि वर नळी अरुंद, शिवाय ऑक्टेव्हच्या छिद्राची नळी आत किंचित डोकावते, फडकं तिथेच धरलं जातं. जोर लावला की ती नळी हलते. बेलच्या बाजूने हळू मागे ओढा. त्यासाठी फडक्याच्या दुसऱ्या टोकालाही दोरी हवी, नसेल तर आजच शिवून घ्या. फडकं पातळ रेशमी, आत सोडण्याआधी पूर्ण उलगडलेलं. मागेही येत नसेल तर वरून काठी खुपसू नका, फडक्याची गाठ आणखी घट्ट बसते. तसंच दुरुस्तीला न्या.